समुद्राकाठची साधी खोली : धंदा म्हणून तिचा हिशेब

मारुंजी हे मुळशी तालुक्यातले, हिंजवडीला लागून असलेले गाव. आय.टी. पार्क आल्यापासून तिथल्या भातखाचरांत इमारती उभ्या राहिल्या आणि त्या इमारतींबरोबर सुतार, प्लंबर, रंगारी, पडदेवाले, गादीवाले अशा कारागिरांचीही वस्ती वाढली. त्यांपैकी एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांच्या दुकानात आम्ही अधूनमधून बसतो. एके दिवशी त्यांनी आमच्यापुढे मोबाईल धरला. एक फोटो होता. लाकडी व्हरांडा, दोन आरामखुर्च्या, आणि व्हरांड्याच्या पायरीपासून पंधरा-वीस पावलांवर निळे, संथ पाणी. ना माणसांची गर्दी, ना पाटी, ना दिव्यांची रोषणाई.

"भाई, हे हॉटेल आहे म्हणतात," ते म्हणाले. "सहा खोल्यांचे. असे आपल्याला जमेल का?"

फोटो त्यांच्या मावसभावाने पाठवला होता. तो प्रवासी जहाजावर नोकरीला आहे. कोकणातले आपले तरुण जहाजावर जाणे ही काही नवी गोष्ट नाही; पूर्वी खलाशी म्हणून जात, आता स्वयंपाकघरात आणि खोल्यांच्या व्यवस्थेवर जातात. त्याचा करार कॅरिबियन प्रदेशातल्या बार्बाडोस बेटावर संपला आणि परतीच्या विमानाला दोन दिवस अवकाश होता म्हणून त्याला त्या सहा खोल्यांच्या घरात उतरवले होते. जहाजावर हजारो प्रवाशांच्या गोंगाटात आठ महिने काढलेल्या माणसाला त्या दोन रात्री आयुष्यभर आठवतील असे तो लिहितो. खोलीत दूरदर्शन संच नव्हता. सकाळी मालकीण स्वतः तळलेली मासळी आणि पाव आणून ठेवी. बस.

प्रश्न वाटतो तितका हवेतला नव्हता. या गृहस्थांची सासुरवाडी रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात बोर्ली पंचतनजवळ आहे. सासऱ्यांचे चिरेबंदी घर, मागे वाडी, आणि वाडीच्या टोकाला पुळण. दोघे मेहुणे आखातात. घर वर्षातले दहा महिने बंद असते, आणि बंद घराला वाळवी लागते. कोकणातल्या मुस्लिम वस्त्यांतून अशी कुलूपबंद घरे किती आहेत हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पुण्यात राहून त्या घराची खोल्या देणारी जागा करावी का, आणि केली तर किती पैसा घालून किती मिळेल, हा खरा सवाल होता. आम्ही गेल्या डिसेंबरात त्यांच्याबरोबर जाऊन त्या पट्ट्यात तीन रात्री राहिलो. जे पाहिले आणि जे हिशेब मांडले ते येथे देत आहोत.

बेटावरचा धंदा

आधी त्या बेटाविषयी थोडे, कारण तुलना केल्याशिवाय आपली गोष्ट उमगत नाही. बार्बाडोस हा अवघ्या ४३१ चौरस किलोमीटरचा देश आहे. म्हणजे आपला एखादा मध्यम तालुका. ऊस हे त्याचे जुने पीक, आणि आज त्याची रोजीरोटी पर्यटनावर चालते. तिथे दोन प्रकारची हॉटेले दिसतात. एक मोठी, ज्यांत खोली, खाणे, पिणे, खेळ सगळे एकाच पैशात आधीच दिलेले असते. तिथला पाहुणा फाटकाबाहेर पडतच नाही. त्यामुळे त्याचा पैसा गावातल्या दुकानदाराला, कोळ्याला, टॅक्सीवाल्याला फारसा दिसत नाही. दुसरी म्हणजे घरमालकाने चालवलेली पाच-दहा खोल्यांची. तिथला पाहुणा मासळी गावात खातो, बसने फिरतो, कपडे गावात धुवायला देतो. मोठ्या हॉटेलाला भांडवल लागते, छोट्याला माणूस लागतो.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. याच बेटावर १९१० च्या सुमारास बंगालमधून आणि नंतर सुरतेकडच्या खेड्यांतून मुसलमान फेरीवाले गेले. कापडाचे गाठोडे खांद्यावर घेऊन दारोदार जायचे, माल उधार द्यायचा आणि दर आठवड्याला थोडे थोडे पैसे वसूल करायचे, असा त्यांचा व्यापार होता. त्यांच्या वंशजांची आज ब्रिजटाऊनमध्ये पक्की दुकाने आहेत. त्रिनिदादला तर १८४५ साली 'फतेल रझाक' जहाजातून हिंदुस्थानी मजुरांची पहिली तुकडी उतरली होती, आणि तिच्यात मुसलमानही होते. तेव्हा ती बेटे आपल्याला वाटतात तेवढी परकी नाहीत. असो.

भरतीने ठरवलेली जागा

आमच्या सुतार स्नेह्यांना तो फोटो पाहून जे हवे होते ते म्हणजे पायरीशी पाणी. ते आपल्याकडे होणार नाही, आणि का होणार नाही हे प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे. बार्बाडोसला भरती-ओहोटीतला फरक एक मीटरसुद्धा नसतो. तिथे पाणी दिवसभर जवळजवळ एकाच जागी राहते, म्हणून व्हरांडा पाण्याजवळ आणता येतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार-चार मीटर चढते. मुंबईला तर उधाणाची मोठी भरती पाच मीटरच्या जवळ जाते. सपाट पुळणीवर एवढा चढउतार म्हणजे ओहोटीला समुद्र पार दूर जातो आणि भरतीला सुरूच्या बुंध्याशी येऊन थडकतो. त्यात पावसाळ्यातला वारा धरा. आपल्या वाडवडिलांनी घरे पुळणीवर बांधली नाहीत. आधी सुरू-केवडा, मग नारळ-सुपारीची वाडी, मग विहीर, आणि त्यामागे घर अशी रचना केली. खोलीतून समुद्र दिसला नाही तरी चालेल, रात्री ऐकू आला पाहिजे. कोकणातली चांगली खोली ती हीच, असे आम्हाला तीन रात्रींत पटले.

कायदाही तेच सांगतो. किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना केंद्र सरकारने १९९१ साली काढली, मग २०११ आणि २०१९ मध्ये नव्या काढल्या. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा बांधकामाला वर्ज्य धरला जात असे. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक असतील तिथे, हे अंतर ५० मीटरवर आणले. बाकी गावांना २०० मीटरच राहिले. पण त्याच अधिसूचनेत आपल्या कामाची एक ओळ आहे. किनाऱ्यावरच्या स्थानिक लोकांना, कोळी बांधवांसह, आपल्या राहत्या घरात पाहुणे ठेवता येतील, मात्र घराचे जोते, रचना आणि दर्शनी भाग बदलता कामा नये. म्हणजे जुने घर आहे तसे वापरणाऱ्याला वाट मोकळी आहे. पुळणीवर स्लॅब टाकणाऱ्याला नाही. ज्यांनी घाईने समुद्राकडे तोंड करून दुमजली खोल्या चढवल्या, त्यांच्या डोक्यावर नोटिशीची टांगती तलवार असते. आमच्या स्नेह्यांच्या मनात गच्ची होती. ती त्यांनी वाटेतच सोडून दिली.

वाट आणि वस्ती

मारुंजीहून हिंजवडी, माण, घोटवडे करत पौडच्या रस्त्याला लागायचे, आणि मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाट उतरून निजामपूरमार्गे माणगाव गाठायचे. पुढे म्हसळा आणि मग समुद्र. ज्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सत्याग्रह झाला, त्याच्या पाण्याकाठी आज राहण्याच्या ऐटदार जागा आहेत. ज्यांची शेते त्या पाण्याखाली गेली त्यांच्या वंशजांना तिथे बहुधा नोकरीच मिळते, मालकी नाही. कोकणात अजून उलटे आहे. घर आणि वाडी अजून घरच्यांच्याच नावावर आहे. हा फरक आम्हाला मोठा वाटतो.

आम्ही उतरलो ते घर एका निवृत्त खलाशाचे. चार खोल्या, जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौले. खोलीत एक पलंग, एक कोनाडा, खुंट्या, पंखा, भिंतीला टेकवलेली घडीची खाट. नहाणीघर स्वच्छ. मालकीणबाईंना सगळे खाला म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. सकाळी घावन आणि चहा, दुपारी तांदळाची भाकरी, कोळंबीचे कालवण, सोलकढी. शेवटच्या दिवशी त्यांनी मुद्दाम सांदण केले. रात्री दहाला व्हरांड्यातला दिवा मालवला की फक्त लाटांचा आवाज. आम्ही खालांना विचारले, "पाहुणे कंटाळत नाहीत?" त्या म्हणाल्या, "जे कंटाळतात ते पुन्हा येत नाहीत. जे येतात ते दरवर्षी येतात." या उत्तरात या धंद्याचे निम्मे गणित आले.

या पट्ट्याचा अलीकडचा इतिहास व्यापाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. शेजारच्या दिवेआगरला १९९७ साली एका वाडीत सुवर्ण गणेशाची मूर्ती सापडली आणि त्यानंतर भाविकांची रीघ लागली. लोकांनी आपल्या माजघरांच्या, पडव्यांच्या खोल्या केल्या. घरगुती जेवणाच्या पाट्या लागल्या. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले आणि मूर्ती गेली. गावाचा रोजगार एका रात्रीत लंगडा झाला. पुढे गाव सावरले ते लांबलचक, स्वच्छ किनाऱ्याच्या जोरावर. २०२१ मध्ये मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. एकाच आकर्षणावर सगळा गाव उभा राहिला की काय होते ते दिवेआगरने पाहिले आहे.

आणि मध्ये आले निसर्ग चक्रीवादळ. ३ जून २०२० रोजी ते याच किनाऱ्यावर आदळले. नारळ-सुपारीची झाडे काड्यांसारखी मोडली, पत्रे उडाले, कौले फुटली, कित्येक आठवडे वीज नव्हती. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव बाजारात मोठे, पण सुपारीचे नवे रोप फळ द्यायला पाच-सात वर्षे घेते. म्हणजे ज्याची वाडी गेली त्याचे तेवढ्या वर्षांचे उत्पन्न गेले. अशा घरांना चटकन उभे करणारे एकच साधन हाती राहिले, आणि ते म्हणजे पाहुण्याची खोली. पण गंमत अशी की पाहुणा येतो तो वाडीच्या सावलीसाठी, आणि सावली तर गेलेली. खालांच्या वाडीत नव्या रोपांच्या रांगा अजून डोक्याएवढ्याच आहेत. त्या म्हणाल्या, "झाडे वाढेपर्यंत पाहुणे सांभाळायचे, मग झाडे पाहुणे सांभाळतील." बेटांवरही हेच. १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळाने ग्रेनाडा देशातले कॅरिआकू बेट जवळजवळ झोपवले, आणि वाटेत बार्बाडोसच्या कोळ्यांच्या होड्या बंदरातच फोडल्या.

पैशाचा हिशेब

आता मुद्द्याचे. ऐकीव गप्पांत लोक सांगतात, अमक्याने चार खोल्या काढल्या आणि गाडी घेतली. आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. खालील आकडे एका घराचे नाहीत, उदाहरणादाखल धरलेले आहेत. आपापल्या गावचे भाव घालून वाचावेत.

चार खोल्या, दर दिवशी १५०० रुपये. पावसाळ्याचे चार महिने सोडा. उरलेल्या ३५ आठवड्यांत गिऱ्हाईक येते ते शनिवार-रविवार, म्हणजे ७० रात्री. दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्यांच्या आणखी १५ धरा. एकूण ८५ रात्री, चार खोल्यांच्या ३४०. त्यातल्या तीन-चतुर्थांश भरल्या तर २५५. उत्पन्न झाले ३,८२,५०० रुपये. ऐकायला बरे वाटते.

आता खर्च. चादरी-टॉवेल धुणे दर खोलीला १५० प्रमाणे ३८,२५०. घर सांभाळणारा माणूस वर्षभर ठेवावा लागतो, कारण घर वर्षभर असते. महिना ८००० प्रमाणे ९६,०००. वीज, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर मिळून ५०,०००. दुरुस्ती आणि रंग ६०,०००. हा आकडा जास्त वाटेल, पण खाऱ्या हवेत तो कमीच आहे. निम्मे गिऱ्हाईक मोबाईलवरच्या आरक्षण कंपन्यांकडून आले, आणि त्यांची दलाली १५ टक्के धरली (वीसही घेतात), तर सुमारे २८,७००. बेरीज २,७२,९५०. हातात उरले १,०९,५५० रुपये. महिन्याला नऊ हजारांच्या आसपास. एवढ्यासाठी हिंजवडीतले सुतारकाम सोडायचे का, हे आम्ही स्नेह्यांना स्पष्ट विचारले.

मग खरी कमाई कुठे आहे? जेवणात. दर खोलीत दोन माणसे धरली तर ५१० माणसांचे जेवण. दिवसाला माणशी ५०० रुपये घेतले आणि त्यातला तिसरा हिस्सा उरला तर ८५,००० सुटतात. मासळी गावची, तांदूळ घरचा, नारळ वाडीतला असेल तर अधिक. पण हे तेव्हाच, जेव्हा घरची बाई किंवा घरचा माणूस चुलीशी उभा राहील. पगारी आचारी ठेवलात की हा तिसरा हिस्सा आचाऱ्याचा झाला. म्हणून पुण्यात बसून, चाव्या नोकराच्या हाती देऊन हा धंदा करू नये असे आमचे मत बनले आहे. आखातात बसून तर नाहीच.

भांडवलाबद्दल. राज्य सरकारने २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचे पर्यटन धोरण आणले; त्यात महिलांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर ठरावीक मर्यादेत व्याजाचा परतावा मिळतो. ज्यांना व्याजाच्या व्यवहारात पडायचे नाही त्यांनी भागीदारी करावी. घर एकाचे, पैसा दुसऱ्याचा, मेहनत तिसऱ्याची, आणि नफ्या-तोट्याची वाटणी आधीच कागदावर. मेहुण्या-मेहुण्यांत काय लिहायचे, असे म्हणून तोंडी ठरवू नये. पहिल्या वर्षी घरात पैसा घालावा लागतो, दुसऱ्या वर्षी थोडा सुटतो, आणि भांडण नेमके दुसऱ्या वर्षी होते.

कारागिरांसाठी

ज्यांचे समुद्राकाठी घर नाही त्यांनी हा लेख येथे सोडू नये, कारण या धंद्यात खोली देणाऱ्यापेक्षा खोली सजवणाऱ्याला काम जास्त सातत्याने मिळते. खारी हवा दरवर्षी काहीतरी खाते आणि दरवर्षी ते नवे करावे लागते.

आमच्या सुतार स्नेह्यांनी त्या तीन दिवसांत समुद्र कमी आणि बिजागऱ्या जास्त पाहिल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये जे चालते ते इथे चालणार नाही. भुशाच्या दाबून केलेल्या फळ्यांची कपाटे दोन पावसाळ्यांत फुगून भाकरीसारखी होतात. साग महाग, पण फणसाचे लाकूड कोकणातच मिळते आणि टिकते. लोखंडी स्क्रू गंजून लाकडाला काळा डाग देतो. पितळेचा किंवा चांगल्या प्रतीच्या स्टीलचा वापरावा. साध्या स्टीललाही समुद्रकाठी तपकिरी ठिपके धरतात. ३१६ नंबरचे स्टील महाग असले तरी कड्या-कोयंड्यांना तेच घ्यावे. कपाट न करता उघड्या खुंट्या आणि फळ्या कराव्यात. हवा खेळते, कपड्यांना कुबट वास येत नाही, आणि खर्च चौथाईवर येतो. साधी खोली ही फॅशन नसून खाऱ्या हवेची गरज आहे, हे त्यांचे वाक्य आम्ही वहीत टिपून घेतले.

पिंजारी बांधवांसाठी विशेष. कापसाची गादी दमट हवेत गठ्ठे धरते आणि पावसाळ्यात तिला बुरशीचा वास येतो. नुसत्या स्पंजाच्या गादीत घाम जिरत नाही. खाली काथ्याची घट्ट गादी, वर कापसाची पातळ, आणि दोन्हींना चेन लावून काढता येणारे कव्हर, असा जोड आम्हाला एका ठिकाणी दिसला आणि तो उत्तम होता. वरची पातळ गादी हंगाम सुरू होण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, दरवर्षी पुन्हा पिंजून भरून द्यायची. एका गावात वीस घरे असली तर ऐंशी गाद्या झाल्या. एवढ्या कामासाठी पिंजण्याचे यंत्र टेम्पोत घालून आठ दिवस तिथेच मुक्काम ठोकणे परवडेल की नाही, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा; आम्हाला तरी परवडेलसे दिसते.

चादरीबाबत मालकांची तक्रार एकच आहे. पांढरी चादर विहिरीच्या खारट पाण्याने पिवळी पडते, आणि रंगीत चादर पाहुण्याला मळकी वाटते. सोलापूरची जाड चादर पांघरायला उत्तम, अंथरायला नाही. अंथरायला पातळ, चटकन वाळणारे सुती कापड हवे, कारण डिसेंबरच्या दुपारी दोन तासांत वाळेल तेच दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येते. भिवंडी-मालेगावच्या व्यापाऱ्यांनी इकडे कोणी फिरकत नाही हे लक्षात घ्यावे; मालक मंडळी अलिबाग नाहीतर पुण्याहून किरकोळ भावाने आणतात.

शांतता हाच माल

खालांच्या दारात आमच्यादेखत एक गाडी थांबली. सहा तरुण, मोठा स्पीकर. त्यांनी पहिलाच प्रश्न दारूचा विचारला. खालांनी नम्रपणे सांगितले की इथे ते चालत नाही आणि दहानंतर गाणे चालत नाही. गाडी गेली. चार खोल्यांपैकी दोन त्या शनिवारी रिकाम्याच राहिल्या. म्हणजे दोन रात्रींचे सहा हजार गेले. आम्ही हळहळलो, त्या नाही. दुसऱ्या खोलीत चिंचवडचे एक वृद्ध जोडपे होते, ते पाचव्यांदा आले होते.

दारूशिवाय किनाऱ्यावरचा धंदा चालत नाही असे सर्रास म्हटले जाते. मालदीवचे उदाहरण त्याच्या उलट आहे. तिथे १९७२ पासून पर्यटन होते ते फक्त वेगळ्या बेटांवरच्या महागड्या हॉटेलांत. गाववस्तीच्या बेटांवर परक्याला मुक्काम करता येत नसे. २००९-१० च्या सुमारास नियम बदलले आणि गावकऱ्यांना आपल्या बेटांवर पाहुणेघरे काढता आली. माफुशी हे तुरुंगासाठी ओळखले जाणारे बेट त्यात सर्वांत पुढे गेले. वस्तीच्या बेटांवर दारूला बंदी आहे, ती तशीच राहिली, आणि तरी पाहुणेघरे शेकड्यांनी वाढली. युरोपातला साधा नोकरदार माणूस तिथे जातो, कारण भाडे परवडते आणि पाणी निळे असते. माफुशीचा धडा मात्र दुहेरी आहे. धंदा इतका वाढला की इमारतीला इमारत चिकटली, आणि जी शांतता विकायची होती ती संपली. आपल्याकडे पवना धरणाच्या काठच्या तंबूंचे आणि काशीदच्या किनाऱ्याचे सुट्टीच्या दिवशी काय होते ते पुणे-मुंबईकरांना ठाऊक आहे.

पाहुण्याचा जीव

एक गोष्ट टाळता येत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला गेलेले एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. पुण्यातल्या आपल्या कित्येक घरांतून त्या दिवशी आकांत झाला. तो आठवला की अजून हात थरथरतात. मुरूडचा किनारा शांत दिसतो, दिवेआगरचाही. घाटावरच्या माणसाला ओहोटीचा ओढ कळत नाही. पाणी गुडघाभर असताना पायाखालची वाळू सरकते हे त्याला माहीतच नसते.

म्हणून खोली देणाऱ्याने दारात एक फळा लावावा आणि रोज सकाळी त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहाव्यात. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालचा फळा आज चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांतला फरक पाहुण्याला तोंडी सांगावा. ओहोटी लागली की पाण्यात कोणी जायचे नाही, हे भाडे ठरवतानाच सांगावे. शेजारच्या कोळ्याचा नंबर भिंतीवर असावा. दोरी आणि हवेची ट्यूब व्हरांड्यात टांगलेली असावी. एकूण खर्च हजार रुपयेसुद्धा नाही. आम्ही पाहिलेल्या आठ-नऊ जागांपैकी फळा एकाच ठिकाणी होता, आणि तोही दोन दिवसांपूर्वीचा.

कागदपत्रे

थोडक्यात सांगतो. राज्याच्या पर्यटन खात्याची 'निवास व न्याहारी' योजना आहे. आपल्या राहत्या घरातल्या काही खोल्या तीत नोंदवता येतात. नोंदणी असली की बँक, वीज मंडळी आणि पोलीस यांच्यापुढे आपण कोण हे सांगावे लागत नाही. ग्रामपंचायतीचा दाखला, घराचा उतारा, नकाशा तयार ठेवावा. जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी. पाहुण्याची वही आणि ओळखपत्राची प्रत ठेवावी. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाईन भरावी लागते, आणि आखातातून सुट्टीवर आलेल्या मेहुण्याचा अरब मित्र हाही परदेशीच.

जी.एस.टी.बद्दल भीती फार आहे. सेवेच्या धंद्यात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, आणि वरचे गणित पाहिलेत तर चार खोल्यांचा मालक त्याच्या जवळपासही जात नाही. आरक्षण कंपनीकडून गिऱ्हाईक आले तर अशा बिननोंदणीच्या मालकाच्या वतीने कर ती कंपनीच भरते. जुलै २०२२ पर्यंत हजाराच्या आतल्या खोलीला कर नव्हता, मग १२ टक्के लागला. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहे.

संडासाची टाकी विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब असावी. हे कागदात कोणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले. मे महिन्यात पंप जास्त चालवला की किनाऱ्याजवळच्या विहिरीत खारे पाणी शिरते. चार खोल्यांच्या आठ बादल्या आणि चार शॉवर यांत विहिरीचे आयुष्य ठरते. खालांच्या घरी शॉवर नव्हते. बादली आणि तांब्या होता.

परतताना ताम्हिणीच्या चढावर आमचे स्नेही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की चार नको, दोनच खोल्या काढायच्या, आणि सासूबाई राजी असतील तरच. चूल त्यांची, हिशेब त्यांचा. आपण फक्त सप्टेंबरात पंधरा दिवस जाऊन लाकूडकाम करून यायचे. गच्चीऐवजी पडवीला फणसाच्या लाकडाचे दोन बाक करणार आहेत. मारुंजीला पोचल्यावर त्यांनी तो बार्बाडोसचा फोटो दुकानात लावला, आणि मावसभावाला उलट निरोप पाठवला की त्या व्हरांड्याच्या खांबांना खाली काय लावले होते, लाकूड की दगड, तेवढे पुढच्या वेळी नीट पाहून ये.